रानकोंबड्याचा माग

माघ सरून फाल्गुन लागला, की कर्नाळ्याच्या रानात पहाटे एक वेगळीच बांग ऐकू येते. गावठी कोंबड्यासारखी ती लांबत नाही. तुटक, खरखरीत, 'कुक्-कायाक्-कुक्-कुक्' अशी होते आणि मध्येच तोडल्यासारखी थांबते. हा राखी रानकोंबडा. पनवेलहून गोवा महामार्गाने साधारण १२ किलोमीटरवर हे अभयारण्य आहे. तिथून शेकडो वेळा गाडीने गेलेल्या माणसांनीही हा पक्षी पाहिलेला नसतो, कारण तो नुसता डोळ्यांनी सापडत नाही. त्याचा दिनक्रम आधी माहीत करून घ्यावा लागतो.

हा दिनक्रम शिकण्याचे अख्खे शास्त्र अमेरिकेत शिकाऱ्यांनी उभे केले आहे, ते रानटी टर्कीसाठी. तिकडे टर्कीच्या शिकारीचा एक हंगाम वसंतात असतो. हंगाम उघडण्याच्या काही आठवडे आधी शिकारी बंदूक घरी ठेवून रानात जातात. पक्षी रात्री कोणत्या झाडावर बसतो, पहाटे कुठल्या बाजूला उतरतो, कुठे उकरतो, हे पाहून ठेवतात. संध्याकाळी घुबडाचा आवाज काढतात. झाडावर चढून बसलेला नर त्याला दचकून उत्तर देतो आणि आपली जागा सांगून बसतो. विष्ठेवरूनही नर-मादी ओळखतात. नराची आकड्यासारखी वाकलेली, मादीची गुंडाळी झालेली. टर्की, रानकोंबडा, मोर, तितर ही सगळी एकाच कुळातली मंडळी, त्यामुळे त्यांच्या सवयींतही बरेच साम्य आहे.

आपल्याकडे असा हंगाम नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात परवाना घेऊन शिकार करण्याची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. माग काढण्याची विद्या मात्र कायद्याने बंद होत नाही, ती हात बदलते. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारीची हौस असलेले बरेच होते. सालिम अलींचा पक्ष्यांशी पहिला गंभीर परिचय झाला तोही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. पुढे १९३०च्या सुमारास याच सालिम अलींनी आपल्या जिल्ह्यातल्या किहीमला बसून सुगरणीची घरटी दिवसच्या दिवस पाहिली. टिपून ठेवण्याची सवय शिकाऱ्याचीच होती, फक्त शेवट वेगळा झाला.

तर रानकोंबडा पाहायचा कसा? पहिला धागा कानाचा. नर पहाटे आणि तिन्हीसांजेला आरवतो. घरचा कोंबडा आरवण्याआधी पंख फडफडवतो, हा फडफडवत नाही, त्यामुळे आवाजाखेरीज दुसरी खूण मिळत नाही. दोन्ही कानांमागे तळवे ओंजळीसारखे धरून डोके हळूहळू वळवा. आवाज एका कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, त्या सूक्ष्म फरकावरूनच मेंदू दिशा ठरवतो. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी एक दिलासा. वयाबरोबर आपल्या कानातून आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. पानांत फिरणाऱ्या वटवट्यांची चिवचिव ऐकू येईनाशी झाली, तर ते पक्षी कमी झाले असे लगेच समजू नये, एकदा कान तपासून घ्यावेत. रानकोंबड्याची बांग मात्र जाडसर, ती बराच काळ साथ देते.

दुसरा धागा जमिनीवरचा. करवंदीच्या जाळीखाली किंवा बांबूच्या बेटाजवळ वाळलेला पाला दोन्ही पायांनी मागे फेकलेला दिसतो आणि मधे ओलसर माती उघडी पडलेली असते. ही त्याच्या जेवणाची जागा. वाळवी, किडे, पडलेली फळे, बांबूचे बी असे सगळे त्याला चालते. पायवाटेच्या कडेला भुसभुशीत मातीत परातीएवढे खळगे दिसले, तर तिथे तो धुळीत लोळतो. त्याने पिसांतले किडे झडतात. चैत्रात पाणी आटले की उरलेल्या डबक्यांकडे त्याची ये-जा वाढते. रात्र झाडावर जाते. ओळखायला नर सोपा. मानेवर राखाडी-काळी पिसे, त्यांवर मेण लावल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके, विळ्यासारखी शेपटी, लाल पाय. मादीचे पाय पिवळे, अंग तपकिरी. ती पाल्यात बसली, तर हातभर अंतरावरूनही दिसायची नाही.

मानेवरच्या त्या ठिपक्यांपायी या पक्ष्याने बरेच सोसले. युरोपात गळाला लावायच्या नकली माश्यांसाठी या पिसांना मोठी मागणी होती आणि ती भारतातून जात. पुढे निर्यातीवर बंदी आली. आपल्या ताटाशीही त्याचे नाते आहे. घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, हे डार्विनच्या काळापासून मानले जाते. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले, की बाजारातल्या बहुतेक कोंबड्यांची पिवळी कातडी राखी रानकोंबड्याच्या जनुकामुळे आहे. म्हणजे जगभरातल्या पोल्ट्रीत आपल्या दक्षिणेकडच्या रानांचा थोडा अंश आहे.

आता वसंतातच हा पक्षी इतका बोलका का होतो? दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या मेंदूला ते थेट कळते, डोळ्यांच्या मध्यस्थीशिवायही. जाक बेनुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले, की कवटीतून आत झिरपणारा उजेडही पुरतो. मेंदूच्या तळाशी प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या जाग्या झाल्या की संप्रेरकांची साखळी सुरू होते, वृषणे कित्येक पटींनी वाढतात, टेस्टोस्टेरॉन चढते, तुरा लालबुंद होतो आणि एरवी पान हलले तरी पळणारा नर उघड्यावर येऊन आरवतो. शिकारी वसंताची वाट पाहतो ती यासाठीच. सावधपणावर संप्रेरकांनी मात केलेली असते.

नेमक्या याच काळात, फेब्रुवारी ते मे, मादी जमिनीवर नुसता खळगा करून चार ते सात अंडी घालते आणि साधारण २१ दिवस उबवते. पक्षी शोधायला सर्वांत सोपा असतो तोच काळ त्याला त्रास दिला तर सर्वांत महाग पडणारा. बंदूक नसली म्हणजे आपण निरुपद्रवी, असे समजणाऱ्यांपैकी मी नाही. हल्ली मोबाइलवर बांगेचे ध्वनिमुद्रण लावून नराला छायाचित्रासाठी समोर आणतात. त्याला वाटते प्रतिस्पर्धी आला. तो खाणे सोडून भांडायला येतो, भांडण कुणाशी हेच त्याला कळत नाही. हे अमेरिकेतल्या घुबडाच्या आवाजाचेच भावंड. मादी अंड्यांवरून उठली तर मुंगूस आणि घोरपड वाट पाहतच असतात. पायवाट सोडू नये, आवाज लावू नये आणि पक्षी मान ताठ करून थबकला की समजावे, आपण जास्त जवळ आलो.

रानातल्या कोंबड्याच्या मांसात 'ताकद' असते, हा समज अजून टिकून आहे. बाळंतिणीला, क्षयातून उठलेल्याला ते द्यावे का, असे दबक्या आवाजात विचारले जाते. गावठी कोंबडीत, अंड्यात, डाळीत नाही असे त्यात काही नाही. फासे लावून धरलेला पक्षी घरात सोलण्यात गुन्हा तर आहेच, शिवाय आजारी पक्षी हाताळण्याचा धोकाही आहे. देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला होता. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता वनखात्याला कळवावे.

माग काढणाऱ्याने स्वतःच्या पायांकडेही पाहावे. जिथे पाला खरवडलेला, तिथेच गोचिडी. जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर त्यांची पिल्ले पोसली जातात. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात ओळखला गेलेला माकडताप गोचिडीतूनच पसरतो आणि २०१६ साली त्याने सिंधुदुर्गात दोडामार्गकडे बरेच रुग्ण पाडले. त्याचे दिवसही थंडी ते उन्हाळा, म्हणजे बांगेचेच. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पँट मोज्यांत खोचावी, घरी आल्यावर अंघोळ करून काखा, जांघा, कानामागे पाहावे. गोचीड चिकटलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, तेल, पेटती काडी यांतले काहीही नको. रानातून आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना 'रानात गेलो होतो' हे आवर्जून सांगावे. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली अंगावर असेल तर तीही दाखवावी. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. तो डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळ्यांनी बरा होतो, मात्र निदान वेळेत व्हायला हवे.

पाल्याखाली दगडाच्या आडोशाला फुरसे असू शकते, म्हणून हाताने पाला उलटू नये. दंश झालाच तर चिरा देणे, घट्ट आवळपट्टी, मंत्र यांत वेळ न घालवता पाय न हलवता रुग्णालय गाठावे. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. लाल विंचवाबद्दल रायगडकरांना वेगळे सांगायला नको. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे काम जगभर वाचले गेले आणि प्राझोसिन हे औषध आता तालुक्याच्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

पाऊस सुरू झाला की नराच्या मानेवरची ठिपक्यांची पिसे गळतात, तुऱ्याची लाली ओसरते, बांग विरळ होते. तेव्हा जवळच असलेला कोंबडाही ओळखू येत नाही. उरते ती पायवाटेकडेची ओली खरवड, आणि तीही पुढच्या सरीबरोबर सपाट होते.