रबराचा हिशेब

२ ऑगस्ट २०२०. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनची ब्रिटिश ग्रां प्री सुरू होती. शेवटच्या फेरीत, सगळ्यांच्या पुढे असलेल्या लुईस हॅमिल्टनच्या गाडीचा डावा पुढचा टायर फुटला. त्याच्या थोडंच आधी त्याचा मर्सिडीजमधला सहकारी व्हाल्टेरी बोटास याचाही नेमका तोच टायर गेला होता, आणि मॅक्लारेनच्या कार्लोस साइन्झचाही. रबराच्या चिंध्या उडत होत्या, रिम रस्त्यावर घासून ठिणग्या पडत होत्या. हॅमिल्टनने गाडी तीन चाकांवर रेटत नेली आणि शर्यत जिंकली. मागून झेपावणारा मॅक्स व्हर्स्टॅपन त्याच्यापासून फक्त ५.८५६ सेकंद दूर होता.

व्हर्स्टॅपनला शर्यत संपता संपता नव्या टायरसाठी पिटमध्ये बोलावलं नसतं तर विजय त्याचाच होता, असं त्या दिवशी अनेकांनी म्हटलं. पण त्याच्या गाडीवरून उतरवलेल्या टायरवरही बारीक बारीक काप आढळले. तोही कदाचित पोचला नसता.

तिघांचाही डावा पुढचाच टायर का फुटावा? सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतो. ॲबी, कॉप्स, स्टो ही त्याची वेगवान वळणं उजवीकडची आहेत. उजवीकडे वळताना गाडीचा भार डावीकडे जातो आणि तोंड वळवायचं काम पुढच्या चाकांचं, म्हणून सगळ्यात जास्त पिळवटून निघतो तो डावा पुढचा. त्यात त्या दिवशी अपघातामुळे सुरुवातीलाच सेफ्टी कार आली. गाड्या हळू चालत असताना पिटमध्ये जाणं स्वस्त पडतं, म्हणून बहुतेकांनी तेव्हाच टायर बदलले आणि उरलेल्या जवळजवळ चाळीस फेऱ्या त्याच जोडावर काढायचं ठरवलं. वरचा थर झिजून पातळ झाला, खालच्या सांगाड्याला संरक्षण उरलं नाही, आणि ताण मात्र तोच राहिला.

टायर घासून संपतो एवढंच आपल्याला ठाऊक असतं. शर्यतीच्या टायरचं दुखणं त्याहून खोल आहे. रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. एक तर त्याचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरं म्हणजे दाबाखाली रबर खडीच्या उंचवट्यांवर दबतं आणि मूळ आकारात यायला किंचित उशीर लावतं. या उशिरात ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणजे ज्या क्रियेतून पकड मिळते, त्याच क्रियेतून टायर तापतो. पकड हवी तर उष्णता पत्करावीच लागते, आणि हीच उष्णता पुढे पकड खाते. पिट स्टॉपची सगळी डोकेफोड इथून सुरू होते.

तापमानाचा पट्टाही अरुंद असतो. थंडीतला गुळाचा खडा दगडासारखा लागतो, जरा ऊब मिळाली की बोटांना चिकटतो आणि फार तापला की ओघळतो. शर्यतीच्या रबराचं वागणं साधारण याच वळणाचं. पृष्ठभाग पुरेसा तापलेला नसताना गाडी आडवी सरकली तर रबराचे कण फाटून वरच गोळा होतात आणि टायर खरखरीत होतो. याला ग्रेनिंग म्हणतात. काही फेऱ्यांत ते घासून जाऊही शकतं. ब्लिस्टरिंग मात्र आतून येतं. पृष्ठभागाखालचं रबर अति तापतं, आत फोड येतात आणि वरचे तुकडे निघून खड्डे पडतात. ते भरून येत नाहीत.

आता गणित. ही नुसती धरलेली संख्या आहे, पण समजा जुना होत जाणारा टायर दर फेरीला ०.१ सेकंदाने मंदावतो. सिल्व्हरस्टोनच्या फेऱ्या ५२. एकदाच टायर बदलले, म्हणजे २६-२६ फेऱ्यांचे दोन टप्पे केले, तर या मंदावण्यात एकूण ६५ सेकंद जातात. दोनदा बदलले तर १७-१८ फेऱ्यांचे तीन टप्पे होतात आणि साडेबेचाळीस सेकंद जातात. वाचले साडेबावीस. जादा थांब्याला २० सेकंद धरले तरी अडीच सेकंदांचा फायदा. आता ०.१ ऐवजी ०.०८ धरून पाहा. वाचतात १८, जातात २०, म्हणजे एकच थांबा बरा. एका फेरीतल्या दोन शतांश सेकंदांवर अख्खी योजना उलटते. शुक्रवारच्या सरावात संघ लांबलचक फेऱ्या मारत बसतात ते हीच संख्या शोधायला.

आणि ही संख्या स्थिर नसते. ढग सरला, ट्रॅक तापला, पुढच्या गाडीच्या मागच्या विस्कटलेल्या हवेत अडकून गाडी घसरू लागली की ती बदलते. शिवाय समोर प्रतिस्पर्धी असतो. त्याच्याआधी एक फेरी पिटमध्ये जाऊन ताज्या टायरवर जोरात एक फेरी मारली, तर तो बाहेर येईपर्यंत त्याला गाठता येतं. हा अंडरकट. मोनॅकोसारख्या ठिकाणी नवे टायर तापायला वेळ लागतो, तिथे हा डाव अंगाशी येऊ शकतो.

लोकांना आवडतो तो पिट स्टॉपचा थरार. प्रत्येक चाकाशी तिघे: एक नट सोडणारा, एक जुनं चाक काढणारा, एक नवं बसवणारा. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. पण एका थांब्याला लागणाऱ्या वीसेक सेकंदांतले बहुतेक जातात ते पिट लेनमध्ये, सहसा ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत चालण्यात. तिथे कोणाचंच कसब चालत नाही.

२०२० च्या त्या ब्रिटिश ग्रां प्रीनंतर आठवड्याने, ९ ऑगस्टला, सिल्व्हरस्टोनच्या त्याच ट्रॅकवर पुन्हा शर्यत होती. आधीच ठरल्याप्रमाणे टायर पुरवणाऱ्या पिरेलीने टायरचे तिन्ही प्रकार एकेक पायरी मऊ आणले आणि फुटण्याच्या घटनांनंतर हवेचा किमान दाब वाढवला. मर्सिडीज पहिल्या दोन जागांवरून निघाल्या आणि काही फेऱ्यांतच त्यांच्या टायरवर फोडांचे काळे पट्टे दिसू लागले. चौथ्या जागेवरून निघालेल्या व्हर्स्टॅपनने मात्र आघाडीच्या गाड्यांपैकी एकट्यानेच कठीण टायरवर सुरुवात केली होती. टायर जपायला थोडं मागे राहा, असं इंजिनिअरने सांगितलं तेव्हा, मर्सिडीजला गाठायची ही एकच संधी आहे, म्हाताऱ्या आजीसारखा मागे बसून राहणार नाही, असं त्याने रेडिओवर सुनावलं. मर्सिडीजने तेराव्या-चौदाव्या फेरीत टायर बदलले, तो सव्विसाव्यापर्यंत थांबला. हॅमिल्टनच्या अकरा सेकंद पुढे राहून तो जिंकला. एका आठवड्यात ना गाडी बदलली होती, ना चालक.

टायर मुद्दाम झिजणारे बनवणं हा खेळाचा अपमान आहे, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. पूर्ण शर्यत पुरणारा टायर दिला तर पात्रता फेरीतला क्रमच शेवटपर्यंत टिकण्याची भीती असते. ताणून धरायचं कुठे आणि हात आवरायचा कुठे, हे ओळखणं हे वेगाइतकंच मोठं कौशल्य आहे. आपल्याकडे ग्रेटर नोएडाला २०१३ मध्ये सेबास्टियन वेटेलने ते दाखवलं. मऊ टायर तिथे टिकणार नव्हते, पण नियमाप्रमाणे दोन्ही प्रकार वापरणं भाग होतं. तो अव्वल जागेवरून मऊ टायरवर निघाला, दुसऱ्याच फेरीअखेर ते टाकून पिटमधून मागे गर्दीत आला, एकेकाला ओलांडत गेला आणि शर्यतीसोबत चौथं जगज्जेतेपदही घेऊन गेला.

सगळ्या गाड्यांना एकच उत्तर लागू होत नाही, हेही त्या ९ ऑगस्टला दिसलं. पुढचे तिघेही दोनदा थांबले. फेरारीचा शार्ल लक्लेर आठव्या जागेवरून निघाला, एकदाच थांबला, टायर सांभाळत नेले आणि चौथा आला.