‘विक्रांत’ची प्रतिकृती करताना
विमानवाहू युद्धनौकेची प्रतिकृती करायची, तर आधी साल ठरवावे. १९६१मध्ये नौदलात आलेली ‘विक्रांत’ सुमारे २१३ मीटर लांब होती. १:३५० प्रमाणात ती ६१ सेंटिमीटर भरते. त्याच प्रमाणात तिच्यावरचे सी हॉक विमान जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचे होते. त्याचे दुमडलेले पंख चिमट्यानेच बसवावेत. १९७१च्या युद्धातील नौका दाखवायची, तर डेकचे पुढचे टोक सपाट ठेवून त्यावर विमानांना उड्डाणासाठी वेग देणाऱ्या वाफेच्या कॅटापल्टची खाच कोरावी. उंचावलेला ‘स्की-जंप’ नंतर सी हॅरियर विमानांसाठी बसवला गेला. मूळ नौका २०१४मध्ये मोडीत काढली. शाळांनी मुलांकडून अशी एक प्रतिकृती जरूर करून घ्यावी. इतिहास आणि गुणोत्तराचे गणित, दोन्ही पक्के होतील.