पारावरची नवकंकरी

निजामी अंमलाच्या दप्तरात जिचे नाव मोमिनाबाद होते, त्या अंबाजोगाईस मी वास्तविक हत्तीखान्याची लेणी पाहण्याच्या उद्देशाने गेलो होतो. परंतु वाटेतल्या एका पारावर कोळशाने रेखलेल्या चौकटी दिसल्या आणि पाषाणातले हत्ती पाहावयाचे राहूनच गेले.

एकात एक अशा तीन चौकटी, बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, एकूण चोवीस घरे. एकाचे नऊ खडे, दुसऱ्याचे नऊ चिंचोके. एका रेघेत तीन जुळले की प्रतिपक्षाचा एक उचलावा, सगळे मांडून झाल्यावर शेजारच्या रिकाम्या घरात सरकावे. ज्याचे दोनच उरले किंवा ज्याला हलावयास जागा राहिली नाही, तो हरला. नवकंकरीचा कायदा एवढाच.

चिंचोकेवाले आबा सव्वीस हंगाम ऊसतोडीला गेलेले. कोयत्याच्या मुठीभोवती कायमची वळून राहिलेली त्यांची बोटे चिंचोका चिमटीत धरीत नसत, तळहाताच्या कडेने तो हळूच लोटीत. समोरचे नाना भराभर तीन जुळवून आबांचे चिंचोके धोतराच्या सोग्यात टाकीत होते, आणि आबा आपले अडवीत बसले होते. न राहवून मी म्हटले, "आबा, तिथं जुळत होतं की."

"जुळंल मागनं. आधी त्येची वाट बंद करू. सव्वीस हंगाम काढलं, मास्तर, घाई कुणाला हाय?"

डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी 1942 साली, आणि पुढे जॉन नॅश यांनी स्वतंत्रपणे, कल्पिलेल्या 'हेक्स' नामक षट्कोनी घरांच्या खेळात बरोबरी संभवतच नाही. एकाची साखळी पटाच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत पोचणारच, दुसऱ्याची तुटणारच. तो निष्ठुर निवाडा मला कधीच रुचला नाही. नवकंकरी त्याहून दयाळू: दोघेही निर्दोष खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे राल्फ गॅसर यांनी 1993 साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले. आबांना मी ते सांगितले.

"यंत्राचं आसंल तसं," ते म्हणाले, "पर नाना चुकतोय."

नाना चुकले. सहा खडे शिल्लक असून एकही हलेना. आबांनी काळी झालेली तळहाताची कड धोतराला पुसली आणि चिंचोके मोजावयास घेतले. नानांनी सोगा दोनदा झटकला, तरी आठच भरले.