दीर्घकालीन कोपरदुखी

दीर्घकालीन कोपरदुखी म्हणजे कोपराच्या सांध्यात किंवा त्याच्या आसपास अनेक आठवडे अथवा महिने टिकणारी वेदना होय. वेदनेच्या नेमक्या जागेवरून तिच्या कारणाचा अंदाज बांधता येतो.

== कारणे ==
* बाहेरील बाजू: येथील वेदनेचे सर्वाधिक आढळणारे कारण ‘टेनिस एल्बो’ हे आहे. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंच्या कंडरेची वारंवार पडणाऱ्या ताणामुळे झीज होते. बहुतेक रुग्ण टेनिस खेळाडू नसतात. सुतारकाम, रंगकाम किंवा कपडे पिळणे यांमुळेही हा विकार जडतो. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांच्यावर यासाठी २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली.
* आतील बाजू: ‘गोल्फर्स एल्बो’मध्ये मनगट आत वळवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा दुखावतात. येथील अल्नर चेता दबल्यास करंगळी व अनामिकेत मुंग्या येतात.
* कोपराचे टोक: टेबलावर सतत कोपर टेकल्याने त्वचेखालील द्रवपिशवीला सूज येते.
* संपूर्ण सांधा: संधिवात किंवा जुना अस्थिभंग यांमुळे सांधा ताठर होतो.
* मान: मानेच्या मणक्यांजवळ चेता दबल्यास वेदना कोपरात जाणवू शकते.

== उपचार ==
टेनिस एल्बो बहुधा वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरा होतो. ताण देणारे काम कमी करणे आणि क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम हे मुख्य उपचार होत. स्टेरॉईडच्या इंजेक्शनाने तात्पुरता आराम मिळतो; मात्र नंतर दुखणे पुन्हा उद्भवण्याची शक्यता वाढते. ताप, सांध्याची लाली किंवा हातातील अशक्तपणा आढळल्यास तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.