एकच पुस्तक, चेहरे अनेक

समजा, एखाद्या गुरुजींनी गावाची माहिती लिहून तिचे इ-पुस्तक केले. संगणकावर ते सुरेख दिसते. पण तेच मुलांच्या मोबाइलवर उघडावे, तर वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरे फुटलेली! मग चूक कुणाची म्हणायची?

श्रोतेहो, छापखान्यात खिळे एकदा जुळवले की हजार प्रती सारख्याच निघतात. इ-पुस्तकाचे तसे नाही. २००७ साली प्रमाण ठरलेल्या ‘ईपब’ प्रकारात सहसा तयार पाने नसतातच. असतो तो मजकूर, आणि तो कसा मांडावा याच्या सूचना. पाने जुळवतो तो आपल्या हातातला मोबाइल. म्हणजे जितकी यंत्रे, तितके जुळारी! कुणी सगळ्या सूचना पाळतो, कुणी निम्म्या सोडून देतो. किंडल तर ईपब आधी आपल्या प्रकारात बदलून घेते.

त्यातून आपली देवनागरी. १९९१ सालच्या युनिकोडने तिच्या चिन्हांना क्रमांक दिले. ‘क’चा २३२५, ह्रस्व वेलांटीचा २३६७. ‘कि’ साठवताना आधी क, मागून वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी क-च्या आधी आणावी लागते. ज्या ॲपला हे साधत नाही, तिथे शब्द विस्कटतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून निराळे. पुस्तकात ‘भाषा मराठी’ ही नोंद नसेल, तर काही फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. जुन्या फॉन्टांत तर इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसला, की पडद्यावर नुसते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे!

मग करावे काय? मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. भाषेची नोंद करावी. परवानगी असेल तर फॉन्ट पुस्तकातच घालावा. आणि वाटण्यापूर्वी दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर पाहून घ्यावे. पान जसेच्या तसे हवे असेल तर पीडीएफ बरी. पण लहान पडद्यावर तिची अक्षरे बारीक दिसतात, हे ध्यानात असू द्यावे.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात ‘पान चाळीस काढा’ म्हणू नका. प्रत्येकाचे चाळिसावे पान वेगळे असेल. धडा आणि परिच्छेद सांगा. आणि नुकतेच वाचू लागलेल्या मुलाच्या हाती पुस्तक देण्याआधी त्याच्याच मोबाइलवर ते एकदा पाहा. फुटलेले जोडाक्षर यंत्राचे, हे त्याला कसे कळावे? तो ते तसेच पाटीवर उतरवील.