वर्तुळातील अक्षरे : 'आर', 'सी' आणि 'पी'

गतवर्षी उत्सवाची स्मरणिका छापखान्यातून आली, तेव्हा मुखपृष्ठावर न्यासाच्या बोधचिन्हाशेजारी वर्तुळातील एक बारीक 'आर' आढळला. चौकशी करता, "मोठ्या संस्थांच्या चिन्हांना असतो, म्हणून घातला," असे मांडणी करणाऱ्याने सांगितले. आपला न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, तेव्हा त्यात गैर काय, असे आमच्यापैकीही काहींना वाटले. परंतु ती नोंदणी निराळी आणि हे अक्षर निराळे. अखेर सर्व प्रतींवर कागदाची पट्टी चिकटवावी लागली. त्या निमित्ताने मिळविलेली माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वर्तुळातील 'आर' म्हणजे 'रजिस्टर्ड'. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाखाली एखादे चिन्ह प्रत्यक्ष नोंदले गेल्यावरच हे अक्षर लावता येते. केवळ अर्ज केल्याने तो अधिकार मिळत नाही. नोंदणी ठरावीक वर्गातील वस्तू वा सेवांपुरती असते व दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी नसता ती असल्याचे भासविण्यास कलम १०७ अन्वये मनाई आहे. पूर्वी त्यासाठी कारावासाचीही तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने तिच्या जागी आर्थिक दंड आणला. चिन्हांशेजारी दिसणाऱ्या 'टी' व 'एम' या जोडअक्षरांना वर्तुळ नसते. ती केवळ दावा सांगतात, नोंदणी नव्हे.

'सी'ची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. हा स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा 'सी'. आपल्या १९५७ च्या अधिनियमानुसार कृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि चिन्हही आवश्यक नाही. मग ते आले कोठून? अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यात ते होते. पुढे १९५२ साली जिनिव्हा येथे झालेल्या करारात असे ठरले की, प्रतींवर हे चिन्ह, हक्कधारकाचे नाव व प्रथम प्रकाशनाचे वर्ष असले, तर औपचारिकता मागणाऱ्या देशांनी ती पूर्ण झाली असे मानावे. आज ते मुख्यत्वे सूचनेचे काम करते. म्हणूनच, छायाचित्राखाली 'सी' दिसत नाही म्हणून ते कोणीही उचलावे, हा समज चुकीचा आहे, आणि दुसऱ्याच्या छायाचित्राखाली आपला 'सी' लावल्याने ते आपलेही होत नाही. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही मुदत आधी पन्नास वर्षांची होती; १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपत आली, तेव्हा ती वाढविण्यात आली.

तिसरे अक्षर 'पी' हे 'फोनोग्राम' शब्दाचे. ध्वनिमुद्रणांसाठी ते १९६१ च्या रोम व १९७१ च्या जिनिव्हा करारांत आले. भजनांच्या सीडीवर 'सी' व 'पी' शेजारी शेजारी दिसतात. त्यातील 'सी' मुखपृष्ठ व मजकुराचा, तर 'पी' त्या विशिष्ट मुद्रणाचा असतो. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत. मात्र एखाद्या गायकाने गायिलेले त्याचे मुद्रण निर्मात्याचे असू शकते, व तो हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीप्रसंगी मुद्रण वाजविण्यास कलम ५२ मध्ये सूट आहे, इतकेच नव्हे तर लग्नाच्या वरातीसही! परंतु तेच मुद्रण उत्सवाच्या चित्रफितीस जोडून प्रसारित करणे त्या सवलतीत बसत नाही. आपल्या उत्साही तरुण मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

यंदाच्या स्मरणिकेत बोधचिन्हाशेजारी कोणतेही अक्षर असणार नाही. लेखांचे हक्क लेखकांकडेच राहतील आणि प्रत्येक छायाचित्राखाली ते टिपणाऱ्याचे नाव छापण्यात येईल. छायाचित्रे पाठविणाऱ्यांनी ती कोणी काढली आहेत, हे मागील बाजूस अवश्य लिहावे, ही विनंती.