भास त्याचा, उशीर आपला

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा हळूहळू खोलीबाहेर येईनासा होतो. रात्र रात्र जागतो, आंघोळ टाळतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो, कारण त्यातून कोणीतरी पाहतंय. घरचे म्हणतात, अभ्यासाचं टेन्शन असेल. मग कुणी लिंबू उतरवतं, कुणी देवऋषीचा पत्ता देतं, कुणी सुचवतं, ‘लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर.’ यात महिने जातात, कधी वर्षंही. या अवस्थेला सायकोसिस म्हणतात आणि तिच्याबाबत मला सर्वाधिक बोचतो तो हा उशीर. उपचार जितके लांबतात, तितकं सावरणं अवघड होतं.

सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं तुटणं, हे तापासारखं लक्षण आहे. ताप मलेरियाचा असतो तसा टायफॉइडचाही. सायकोसिसच्या मागेही स्किझोफ्रेनिया असू शकतो, बायपोलरमधला उन्माद, तीव्र नैराश्य किंवा गांजाचं व्यसनही. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो गाठतो. त्याला ‘बाहेरचं’ म्हणत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाचा प्रश्न असतो. तापाने फणफणलेले आजोबा एकाएकी असंबद्ध बरळू लागले, तर मात्र तो बहुधा डेलिरियम, म्हणजे शारीरिक आजारामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. तिथेही तातडी तेवढीच, पण आधी शरीरातला आजार शोधावा लागतो.

कोणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. शेजारी आपल्या जेवणात विष कालवतात, अशी पुराव्याने न हलणारी खात्री हा भ्रम. त्या माणसाला आवाज खरोखर ऐकू येतो. म्हणून ‘असं काही नसतं रे’ हे शंभरदा सांगून भास किंवा भ्रम जात नाही, आपल्यावरचा विश्वास तेवढा जातो. होला हो करणंही चूक. ‘मला तो आवाज येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय. झोपही नाहीये तुला. डॉक्टरांना भेटू या,’ एवढं म्हणता येतं. झोपेच्या तक्रारीसाठी बरेच जण तयार होतात.

१९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि भास-भ्रम औषधाने ओसरतात हे जगाला दिसलं. ही औषधं मुख्यतः मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा प्रभाव कमी करतात. त्यांनी वजन वाढतं, हात थरथरतात, सुस्ती येते. या तक्रारी खऱ्या असतात. त्या डॉक्टरांना सांगून गोळी किंवा मात्रा बदलून घेता येते. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद केली, की आजार उलटण्याचा धोका मोठा. आणि घर? जिथे सतत टोमणे, हेटाळणी असते, तिथे आजार लवकर उलटतो, हे लंडनमधल्या जॉर्ज ब्राउन यांच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे घरचं बोलणं हाही उपचारांचाच भाग.

वरच्या मुलासारखं कुणी तुमच्या घरात असेल, तर या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. कुठे जावं कळत नसेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.